टाक्यांचा वण एसपीएफ ५० लावूनही काळा पडतोय, काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात: दुचाकीवरून पडून भुवईच्या वर ४ सेंटीमीटरची जखम, टाके काढून पाच आठवडे झाले. कोपराखाली खरचटलं होतं, तेही भरलं. नोकरी फिरतीची. रोज सकाळी एसपीएफ ५० लावता, तरी कपाळावरचा गुलाबी वण तपकिरी होत चाललाय.

क्रीम बदलण्याआधी तीन गोष्टी बघा: किती लावता, हेल्मेटखाली ते किती वेळ टिकतं, आणि त्याला रंग आहे की नाही. माझ्या मते घोळ दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीत आहे.

कच्च्या वणात रंग तयार करणाऱ्या पेशी जखमेच्या दाहाने आधीच चाळवलेल्या असतात. थोडं ऊन मिळालं तरी त्या जास्त रंग सोडतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत हे जास्त होतं. शिवाय इथे फक्त अतिनील किरणांचा प्रश्न नसतो, डोळ्यांना दिसणारा उजेड, विशेषतः त्यातला निळा भाग, हाही आपली त्वचा काळवंडवतो. एसपीएफचा आकडा मुख्यतः अतिनील किरणांतल्या भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांबद्दल सांगतो. वेष्टनावरच्या ‘पीए’ (PA) या अक्षरांपुढची अधिकची (+) चिन्हं दुसऱ्या प्रकारच्या, यूव्हीए किरणांबद्दल सांगतात. दिसणाऱ्या उजेडाबद्दल दोन्ही गप्प. तो अडवायला क्रीममध्ये आयर्न ऑक्साइड लागतं, म्हणजे त्वचेच्या रंगाचं, टिंटेड सनस्क्रीन. वेष्टनावर ‘टिंटेड’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, घटकांच्या यादीत आयर्न ऑक्साइड किंवा सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे आकडे शोधा. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं आणि ५० साधारण ९८ टक्के, तेव्हा १०० च्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका. रंग असलेलं ५० आणि पीए चार अधिक, एवढं पुरे.

आता प्रमाण. एसपीएफची चाचणी दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून होते. तुमचा वण ४ सेंटीमीटर. टाक्यांच्या खुणांसकट रुंदी एक सेंटीमीटर आणि चहूबाजूंनी एक-एक सेंटीमीटर जास्त धरला तर साधारण १८ चौरस सेंटीमीटर होतात, म्हणजे ३६ मिलिग्रॅम, मुगाच्या एका दाण्याएवढं. ऐकायला कमी वाटतं, पण बोटाला लागलेलं क्रीम चेहराभर फिरवून वणावर येईपर्यंत त्याचा पाव हिस्साही उरत नाही. म्हणून वणाचा मूग वेगळा काढा, चोळू नका, बोटाच्या टोकाने थापा, दोन मिनिटांनी दुसरा थर द्या. मग उरलेला चेहरा. बाहेर पडण्याआधी १५–२० मिनिटं, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

फिरतीच्या नोकरीत दर दोन तासांचं कुणी पाळत नाही, आणि इथे अडचण त्याहून मोठी आहे. हेल्मेटचं आतलं अस्तर नेमकं भुवईच्या वर बसतं. घाम सुटतो, अस्तर घासतं, पहिल्या सिग्नललाच क्रीम अस्तराला लागलेलं असतं. तुम्ही हेल्मेट काढून गिऱ्हाइकाकडे चालत जाता, तेव्हा वण उघडा. घासण्याने दाह होतो, त्यानेही रंग वाढतो, हे वेगळंच.

तेव्हा दुचाकीवरच्या दिवसांत कपाळावर क्रीमपेक्षा कागदी चिकटपट्टी बरी. औषधाच्या दुकानात मायक्रोपोर म्हणून मिळते. पांढरी नाही, त्वचेच्या रंगाची मागा. एक इंच रुंदीची, वणाच्या दोन्ही टोकांपलीकडे एक सेंटीमीटर जाईल एवढी कापा. कातडी धुऊन पूर्ण कोरडी करा. पट्टीखाली क्रीम, जेल, तेल काहीच नको, नाहीतर तासाभरात कडा सुटतात. न ताणता वणाच्या लांबीला धरून लावा. उजेड अडतो, अस्तर घासत नाही आणि वणावरचा ताणही कमी होतो. कडा उचलेपर्यंत, साधारण तीन-चार दिवस राहू द्या. काढताना ओली करून कातडीला समांतर मागे ओढा, वर उपटू नका. खाली बारीक पुरळ किंवा खाज आली तर दोन दिवस विश्रांती.

हेल्मेटची काच खाली ठेवत जा. पॉलिकार्बोनेट अतिनील किरण बरेचसे अडवतं, पण दिसणारा उजेड आरपार येतो. चारचाकीच्या बाजूच्या काचेचं वेगळं: यूव्हीबी अडतं, यूव्हीए बऱ्यापैकी आत येतं. त्यामुळे ‘काच लावली होती’ हे उत्तर पुरत नाही, उजवा हात खिडकीकडे असेल तर नाहीच.

हाताला क्रीमच्या भानगडीत पडू नका, बाही घाला. कापड उजेडासमोर धरा, पलीकडच्या खिडकीचे गज दिसले तर ते कामाचं नाही. जुना, विरलेला पांढरा सुती कपडा ओला झाला की आणखी कमी अडवतो. चेहऱ्याला गुंडाळायच्या पातळ स्कार्फचंही तेच, एकेरी असेल तर तो धुळीसाठी. घट्ट विणीचा, गडद, पूर्ण बाहीचा शर्ट किंवा सनकोट ठीक.

सिलिकॉन जेलबद्दल विचारलंत. वण उंच, कडक होऊ नये म्हणून ते उपयोगी आहे, पण वेष्टनावर एसपीएफ लिहिला नसेल तर उन्हापासून काही वाचवत नाही. पट्टी लावायच्या दिवसांत ते दिवसा नको, रात्री पट्टी नसेल तेव्हा पातळ थर. रविवारी घरी असाल तर जेल आधी, चार-पाच मिनिटं वाळू द्या, मग टिंटेड क्रीम. हे सगळं खपली आपोआप पडून कातडी पूर्ण बंद झाल्यावरच. ओल्या जखमेवर सनस्क्रीन लावत नाहीत, तिथे फक्त ड्रेसिंग.

लिंबू चोळायचं नाही. विशेषतः लिंबाच्या सालीतल्या रसावर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि महिनोन्‌महिने टिकणारा काळा चट्टा पडतो. दुकानदार ‘डाग जाण्याची’ म्हणून देतो त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असतात. आठ दिवस वण उजळतो, पुढे कातडी पातळ होते, उन्हाला जास्तच चिडते आणि बंद केल्यावर डाग परत येतो. असलं औषध त्वचारोगतज्ज्ञाने दिलं तरच, आणि सांगितलेल्या दिवसांपुरतं. मुरमांसाठी डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर तेही सांगा, त्याने कातडी उन्हाला हळवी होते. आणि क्रीमची ट्यूब गाडीच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात तिथे क्रीम फाटतं, तेल वेगळं सुटतं, मग लावलेला थर सारखा बसत नाही.

पावसाळ्यात सुट्टी नाही. पातळ ढगांतून अतिनील किरण बरेच खाली येतात. तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड असेल ते तास सर्वांत वाईट.

आत्ता आलेला तपकिरी रंग उन्हाने आलेला असेल, तर तो उतरायला महिने लागतात. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढा, रोज आरशात पाहून काही कळत नाही. तीन-चार महिने नीट झाकूनही फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ. वण मूळ जखमेच्या कडेबाहेर पसरू लागला, खाजतो, टणक झाला तर थांबू नका. ते केलॉइड असू शकतं, त्यावर चिकटपट्टी पुरत नाही, इंजेक्शन लागू शकतं.

किती दिवस? वण पक्का व्हायला वर्ष ते दीड वर्ष. बोटाने दाबून सोडा: पांढरा पडून लगेच पुन्हा लालसर झाला तर तो अजून कच्चा आहे, पट्टी चालू ठेवा. सावळ्या कातडीवर हा लालसरपणा नीट दिसत नाही, तेव्हा सलग तीन फोटोंत रंग बदललेला नाही हे बघूनच थांबा.