शब्दशंका : 'रिग्रेटफुली' की 'रिग्रेटेबली'?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर मी इंग्रजी ई-मेल लिहिते. 'रिग्रेटफुली, द राजापुरी स्टॉक इज ओव्हर' हे वाक्य शेठना खटकलं. का, ते त्यांनाही सांगता येईना. दोन्ही शब्दांचा अर्थ 'खेदाने'च ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : खेद कुणाला झाला, ते आधी पाहा. 'रिग्रेटफुली' म्हणजे मनात खेद बाळगून, आणि तो खेद वाक्यातल्या कर्त्याचा. तुमच्या वाक्यात कर्ता आहे स्टॉक. हळदीच्या पोत्यांना कसला आलाय खेद? 'रिग्रेटेबली' म्हणजे 'खेदाची गोष्ट अशी की'. हा खेद बोलणाऱ्याचा, आणि तो अख्ख्या वाक्याला लागतो.

'ही रिग्रेटफुली डिक्लाइन्ड' : नकार देताना त्याला वाईट वाटलं. 'रिग्रेटेबली, ही डिक्लाइन्ड' : नकार त्याने दिला, वाईट आपल्याला वाटतंय. तो कदाचित खुशीत असेल!

काही शब्दकोश आता पहिला शब्द दुसऱ्याच्या अर्थानेही देतात, पण गिऱ्हाइकाच्या पत्रात वाद कशाला? स्पेलिंगही सांभाळा. 'रिग्रेटेबली'त टी दोनदा येतो, कारण उच्चाराचा जोर 'ग्रेट'वर आहे आणि पुढचा प्रत्यय ए या स्वराने सुरू होतो. 'फुली'च्या सुरुवातीला एफ हे व्यंजन, म्हणून तिथे टी एकच.

खरं तर पेढीच्या कामाला साधं 'अनफॉर्च्युनेटली' पुरतं. 'रिग्रेटेबली'ला जरा सरकारी वास येतो. 'अनफॉर्च्युनेटली' वाक्याच्या सुरुवातीला लिहा, पुढे स्वल्पविराम द्या. फक्त त्याचं मराठी 'दुर्दैवाने' असं डोक्यात धरू नका. आपल्याकडे 'दुर्दैवाने' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स होतं. इंग्रजीत माल संपला, एवढ्यालाही तो शब्द चालतो. आपण तिथे 'सध्या माल शिल्लक नाही, क्षमस्व' असं लिहून मोकळे होतो.

मात्र बिलात आकडा आपणच चुकवला असेल, तर 'अनफॉर्च्युनेटली' नको. आपली चूक नशिबावर ढकलल्यासारखं दिसतं. सरळ 'वी आर सॉरी, वी मेड अ मिस्टेक इन द बिल' लिहा.

प्रश्न : नोकरीच्या अर्जाला नकार कळवताना 'सॅडली' चालेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : व्याकरणाने चालेल, पण फार घरगुती वाटतं. 'वी रिग्रेट टु इन्फॉर्म यू' लिहा, आणि त्याच वाक्यात पुन्हा 'अनफॉर्च्युनेटली' घालू नका.