गुहेच्या तोंडाशी लागलेली रांग

प्रश्न : आम्ही तिघं मित्र मिळून एक ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम बनवतोय. टेस्टिंगला दिला, तर मुलं मिशन सोडून एकाच कोपऱ्यात उभी राहतात, तेच ते सांगाडे मारतात आणि लूट गोळा करतात. त्यांना बॅन करावं का? (नाशिक)

उत्तर : अजिबात नको. तुम्हीच ठेवलेले सांगाडे तुम्हीच दिलेल्या बंदुकीने ती मारताहेत. चूक हिशेबाची आहे, आणि तो तुमच्या हातात आहे.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे ‘डेस्टिनी’ या ऑनलाइन नेमबाजीच्या गेममधली लूट केव्ह, म्हणजे लुटीची गुहा. गेम आला 9 सप्टेंबर 2014 ला. गेममधल्या कॉस्मोड्रोम या ठिकाणी, स्कायवॉच भागात ही गुहा होती. तिच्यापासून ठरावीक अंतर राखून उभं राहिलं, की आतून शत्रू येतच राहायचे. पुढे गेलं की येणं थांबायचं. म्हणून सगळे लांब उभे राहून त्या काळ्या तोंडात गोळ्या झाडत बसायचे आणि मधूनच धावत जाऊन जमिनीवर चमकणारे एन्ग्रॅम, म्हणजे उघडल्यावर वस्तू देणारे लुटीचे गोळे, उचलायचे. 25 सप्टेंबरला गेम बनवणाऱ्या बंजी कंपनीने शत्रू परत येण्याचा वेळ वाढवला आणि गुहा बंद पडली.

पण लोक तिथे का जमले, हे बघणं जास्त महत्त्वाचं. जांभळा, म्हणजे लेजेंडरी एन्ग्रॅम मिळाला तरी तो उघडल्यावर निळी, खालच्या दर्जाची वस्तू निघू शकायची. मिशन खेळून हाती काही लागत नसेल, तर माणूस गुहेकडेच वळणार. बंजीने पुढच्या अपडेटमध्ये हेही दुरुस्त केलं. खरा इलाज तोच होता, असं आमचं ठाम मत आहे.

आता तुमचा हिशेब. समजा, एका लाटेत 8 सांगाडे येतात, दर 10 सेकंदांनी नवी लाट येते आणि मेलेल्या सांगाड्यातून वस्तू पडण्याची (ड्रॉपची) शक्यता 2 टक्के आहे. म्हणजे तासाला 360 लाटा, 2,880 सांगाडे आणि साधारण 57 वस्तू. याउलट हरवायला 20 मिनिटं लागणारा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, 2 वस्तू देत असेल, तर तासाला फक्त 6. मग बॉसकडे कोण फिरकेल? लाटेतलं अंतर 90 सेकंद केलं, तर तासाला 40 लाटा, 320 सांगाडे आणि सहाच्या आसपास वस्तू. दोन्ही रस्ते बरोबरीला येतात.

मात्र हे अंतर सगळ्या नकाशावर लावू नका, नाहीतर सरळ खेळणाऱ्याला रिकामी मैदानं दिसतील. त्याच जागी लागोपाठ मारलेल्या सांगाड्यांपुरतंच ते वाढवा. आणि बॉसच्या 2 वस्तूंपैकी एक तरी हमखास कामाची निघू द्या.

प्रश्न : एका मुलाने एकच पेटी दोनदा उघडून दोन तलवारी घेतल्या. हे कसं जमलं? (त्याच टीमकडून)

उत्तर : बटण पटापट दोनदा दाबलं की दोन विनंत्या जवळपास एकाच क्षणी सर्व्हरवर पोचतात. ‘पेटी उघडली आहे का?’ या प्रश्नाला दोघींनाही ‘नाही’ उत्तर मिळतं, आणि दोघींना तलवार मिळते. आधी तपासणं आणि मग नोंद करणं, या दोन्हींमधली फट हेच कारण. डेटाबेसमध्ये खेळाडूचा आयडी आणि पेटीचा आयडी या जोडीवर युनिक की लावा, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा नोंदवताच येणार नाही. आधी नोंद घाला. ती झाली तरच तलवार द्या, आणि दोन्ही कामं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवा, म्हणजे होतील तर दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही. नुसतं स्क्रीनवरचं बटण बंद करून भागणार नाही, कारण विनंती गेमबाहेरूनही पाठवता येते.

ती जादा तलवार मात्र काढून घ्या. फेब्रुवारी 2010 मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये एन्सिडिया या गिल्डने (खेळाडूंच्या गटाने) लिच किंग या बॉसला हरवलं, पण त्या लढाईत एका बगमुळे कोसळलेला चौथरा त्यांच्या सॅरोनाइट बॉम्बने पुन्हा उभा राहत होता. गेमची कंपनी ब्लिझार्डने लूट आणि अचीव्हमेंट परत घेतली आणि खेळाडूंना 72 तास निलंबित केलं. तुमच्या टेस्टरला निलंबित करू नका. त्याने बग दाखवून दिला, त्याचे आभार माना.