एवढीशी माती गेली तर?

प्रश्न: जोरदार पावसात शेतातून गढूळ पाणी वाहतं. एवढीशी माती गेल्याने खरंच काही बिघडतं का?

उत्तर: एवढीशी? नुसता १ मिलिमीटर थर गेला, तरी हेक्टरी साधारण १३ टन माती जाते. तीही वरची, कसदार. मीही कित्येक वर्षं उताराच्या दिशेनेच नांगरत होतो, औत सरळ चालतं म्हणून! पहिला घाव थेंबाचा असतो. टपोरा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने उघड्या ढेकळावर आदळतो, ढेकूळ फुटतं, बारीक कणांनी छिद्रं बुजतात, वर पापुद्रा धरतो. मग पाणी मुरत नाही, पळतं. म्हणून काडीकचरा जाळू नका, रानात पसरा. नांगरट-पेरणी उताराला आडवी करा, बांधबंदिस्ती त्यानंतर. पुढच्या पावसात ते गढूळ पाणी काचेच्या बरणीत भरून ठेवा आणि सकाळी तळाचा गाळ बोटाने मोजा.