बँटम कोंबडीची पिल्लं कवचातच का मरतात?

प्रश्न (करवीर तालुका): आखूड पायांच्या जपानी बँटमची (ठेंगण्या कोंबड्यांची) जोडी आहे. अंडी फळलेली असतात, तरी दर खेपेला काही पिल्लं कवचातच मरतात. उरलेली पावसाळ्यात जातात. अंड्यांसाठी ही जात वाढवावी का?

उत्तर: दोष खुडूक कोंबडीचा नाही, जोडीचा आहे. आखूड पायांचा गुण आई-बाप दोघांकडून आला की पिल्लू अंड्यातच मरतं. दोन्ही आखूड पायांचे असले तर सरासरी चारातलं एक असं जातं, दोन आखूड पायांची होतात, एक लांब पायांचं. म्हणून त्याच जातीची लांब पायांची तलंग विकू नका, आखूड पायांच्या नराखाली ठेवा. निम्मी पिल्लं आखूड पायांची मिळतील आणि या कारणाने एकही मरणार नाही.

अंड्यांचा धंदा मात्र यात बसत नाही. अंडं जेमतेम 30-35 ग्रॅमचं, आणि कोंबडी सारखी खुडूक बसते. बँटम खपते ती हौशी लोकांत. इंग्लंडची सेब्राइट, मलेशियाची अर्ध्या किलोच्या आतली सेरामा यांचंही तेच. खुडूकपणाचाच फायदा घ्या: एका कोंबडीखाली तिचीच सात-आठ अंडी ठेवा, गावठीची असतील तर चार-पाचच. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात.

पावसाळ्यात पोट जमिनीला टेकणाऱ्या या पक्ष्याला ओली गादी सर्वांत वाईट. भाताच्या तुसाची तीन इंच गादी रोज हलवा, गोळा झालेला भाग काढून टाका. ओलीतच रक्ती हगवण वाढते. राधानगरी, गगनबावड्याकडे तर खुराडा जमिनीपासून दोन फूट उंचच हवा. पायांवर पिसं असलेली जात किंवा सिल्की तिकडे नकोच, सिल्कीच्या पिसांवरून पाणी ओघळत नाही, आत मुरतं. जाळी अर्ध्या इंचाची घ्या, मुंगसाचं पिल्लू मोठ्या जाळीतून सहज शिरतं.

पिल्लांना पहिला आठवडा 35 अंश ऊब द्या, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी करा. पाण्याच्या ताटलीत खडे टाका, नाहीतर बुडून मरतात. खाद्याचा चुरा बारीकच हवा.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस 5 ते 7 व्या दिवशी डोळ्यात एक थेंब, पुन्हा 28 व्या दिवशी. लस बर्फात आणा. पक्षी लहान म्हणून थेंब अर्धा करू नका.