नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात राहायला येताय, तर आधी अर्थिंग बघा

ताई, सामान लावायची घाई करू नका. पहिल्याच दिवशी वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणजे कूलर लागणारच. पाणी, लोखंडी बॉडी आणि जुनी वायरिंग एकत्र आली की जिवाशी गाठ असते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवायला घरमालक तयार नसतील तर स्वतःच्या पैशांनी बसवा, पण बसवाच. कूलरमध्ये पाणी भरताना स्विच बंद करून प्लग काढायचा, हे लेकरांनाही बजावून ठेवा.

कूलर खिडकीबाहेर लावा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. हवेला बाहेर जायला वाट नसली की खोली नुसती दमट होते, अंग चिकचिकतं, आणि लोक उगाच कूलरला दोष देतात.

छत कवेलूंचं असेल तर फुटके कवेलू जूनआधीच बदलून घ्या. एकदा पाऊस लागला की कारागीर मिळत नाही. दाराच्या चौकटी बोटानं ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर उधई असू शकते, कपाट तिथून दूर ठेवा.

करारनामा मात्र नोंदणीकृतच हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, तेव्हा मागायला संकोचू नका. भिंतींची ओल, तुटके नळ, विजेच्या मीटरचं रीडिंग, सगळ्यांचे फोटो काढून घरमालकांना पाठवून द्या.