पहिल्यांदा वचन सांगताना

रविवारी ऐरोलीच्या घरसभेत, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, पहिल्यांदा बायबलमधलं वचन समजावून सांगायचं म्हणून तुझी झोप उडालीय, कळतंय मला. पाय लटपटतात? लटपटू देत. आपण अशक्त, भीत आणि थरथर कापत आलो होतो, असं येशूचा प्रेषित पौल यानेच करिंथ शहरातल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलंय (1 करिंथ 2:3). संदेष्टा मोशेही जिभेचा जड, बोलताना अडखळणारा. देवाने सोबतीला त्याचा भाऊ अहरोन दिला, पण मोशेला मिसरच्या राजाकडे पाठवायचं रद्द नाही केलं. मला याचा फार आधार वाटतो.

कळव्यात माझ्या पहिल्या वेळी हातातला कागद घामाने भिजून शाई फुटली होती. कागद मिटला, 'प्रभू, आता तूच सांभाळ' म्हटलं. शब्द थोडेच आले, पण आले.

तयारी मात्र चुकवू नकोस. देवावर विसंबणं म्हणजे अभ्यास टाळणं नव्हे. शनिवारी उतारा मोठ्याने वाच, मग गुडघे टेक.