पाच मिनिटं कुणाच्या पावलांची?

जाहिरातींबद्दल तुम्ही पाठवलेल्या प्रश्नांपैकी पाच या वेळी घेतले आहेत. जाहिरातींचा मजकूर लिहिणं हेच माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे उत्तरं टेबलाच्या त्या बाजूने दिली आहेत.

बदलापूरला फ्लॅट बघतोय. ब्रोशरवर 'स्टेशनपासून ५ मिनिटं', 'क्लब हाऊस', 'नियोजित मेट्रो जवळच' असं छापलं आहे. यातलं किती धरून चालायचं?

'पाच मिनिटं' हे शब्द मीही लिहिले आहेत. २००३ साली, उपनगरातल्या एका प्रकल्पासाठी, जागा न बघता. साइटवरून जे सांगितलं गेलं ते मी उतरवून काढलं. काही महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी तिथे जायची वेळ आली, तेव्हा स्टेशनवरून चालत निघाले. वाटेत फाटक बंद, पुढे नाल्याला वळसा. पोहोचायला बावीस मिनिटं लागली. साइट ऑफिसात एक बाई कडेवर मूल घेऊन उभ्या होत्या. पेपरातून कापलेली माझी जाहिरात त्यांच्या हातात होती. त्या ऑफिसात काम करणाऱ्या मुलाला विचारत होत्या, "ही पाच मिनिटं कुणाच्या पावलांची?" तो गप्प राहिला आणि मीही. तेव्हापासून स्वतः चालून पाहिल्याशिवाय मी अंतर लिहीत नाही. लिहिते तेही किलोमीटरमध्ये.

आता तुमचं. १ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात प्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेरा या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो स्कॅन करा. मंजूर नकाशे, ताबा देण्याची तारीख, चालू असलेले खटले अशी बरीच माहिती तिथे दिसते. क्लब हाऊस मंजूर नकाशात नसेल तर ते फक्त ब्रोशरमध्येच आहे असं समजा. मेट्रो बांधणं बिल्डरच्या हातात नसतं, तेव्हा तिचे पैसे त्याला देऊ नका. ब्रोशर मात्र जपून ठेवा. घरखरेदीदारांसाठीच्या रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर भरपाई मागता येते. व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर भरलेली रक्कम व्याजासह परत मागता येते.

मी मिरजेला घरून गोडा मसाला विकते. दगडफूल आणि नागकेशर वेगवेगळं, मंद आचेवर तेलात परतते. एका वेळी किलोभरच करते, जास्त घेतलं की खोबरं खालून करपतं. पॅम्प्लेट छापायचं आहे. '१०० टक्के शुद्ध, महाराष्ट्रात एक नंबर' कसं वाटतं?

ताई, तुमची जाहिरात तुम्ही पत्रातच लिहून पाठवली आहे आणि तुमच्या लक्षात आलेलं नाही. 'एका वेळी किलोभरच, जास्त घेतलं की खोबरं करपतं.' हेच छापा.

'एक नंबर' वाचून कुणाच्या जिभेला पाणी सुटत नाही. दुकानातल्या प्रत्येक पाकिटावर ते असतंच, त्यामुळे डोळा त्यावरून घसरतो. शिवाय एक नंबर कशात, कुणी ठरवलं, असं कुणी विचारलं तर तुमच्याकडे कागद नाही. करपलेल्या खोबऱ्याची गोष्ट मात्र जिने कधी मसाला केला आहे तिला लगेच पटते. कढईतला तो कडवट वास तिने घेतलेला असतो. ही बाई आपल्यासारखीच चुकून शिकली आहे, एवढं कळलं की विश्वास बसतो. ग्राहकाला पटवण्याचं सगळं काम तिथे होतं. त्यासाठी एकही विशेषण लागत नाही.

'शुद्ध', 'अस्सल', 'पारंपरिक' या शब्दांबाबतही सांभाळा. खाद्यपदार्थांच्या जाहिरातींसाठी एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे नियम आहेत आणि असे बरेच शब्द कधी वापरायचे याच्या अटी त्यांत दिल्या आहेत. पॅम्प्लेटवर तुमचा एफएसएसएआय नोंदणी क्रमांक द्या. मसाला कुटल्याची तारीख प्रत्येक पाकिटावर हाताने लिहीत असाल तर तेही सांगा. उद्या मागणी वाढली आणि दहा किलोचा घाणा काढायला लागलात, तर त्या दिवशी ही ओळ पॅम्प्लेटवरून काढावी लागेल. तेवढी तयारी असेल तरच छापा.

मी अकरावी-बारावीला शिकवतो. मुलं म्हणतात, भावनेला हात घालणारी प्रत्येक जाहिरात फसवी असते. त्यांना काय सांगू?

त्यांना सर्फ या धुण्याच्या पावडरीच्या जुन्या जाहिरातीतल्या ललिताजी दाखवा. समोर निरमासारखी कितीतरी स्वस्त पावडर उभी होती. तेव्हा अलेक पदमसींच्या लिंटास या जाहिरात कंपनीने आपला माल महाग असल्याचं लपवलं नाही. बाजारात घासाघीस करणारी एक हिशेबी गृहिणी उभी केली आणि अर्धा किलो सर्फ किलोभर साध्या पावडरीइतकी पुरते, हा हिशेब तिच्या तोंडी घातला. यात भावना भरपूर आहे. पैसा जपून वापरणाऱ्या बाईचा अभिमान आहे. पण दावा असा, की घरी बादलीत पावडर भिजवून ताडून बघता येतो.

आता गोरेपणाच्या क्रीमच्या जुन्या जाहिराती आठवा. सावळी मुलगी, हुकलेली नोकरी, मोडलेलं लग्न, मग ट्यूब. तिथे आधी त्या मुलीच्या मनात स्वतःबद्दल कमीपणा पेरला जायचा आणि मग त्यावरचा उपाय विकला जायचा. याच कारणाने २०१४ मध्ये एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने, सावळ्या व्यक्तीला दुःखी किंवा कमी दर्जाची दाखवू नये असा नियम केला. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. त्यासाठी ४५ वर्षं जावी लागली, याचा मला या व्यवसायातली म्हणून आजही राग येतो.

वर्गात एवढंच विचारा: ही भावना माणसाच्या मनात आधीपासून होती, की जाहिरातीने जखम करून निर्माण केली?

मी नागपूरला बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इन्स्टाग्रामवर १८ हजार फॉलोअर्स आहेत. एक कंपनी केसांचं तेल फुकट आणि वर चार हजार रुपये देतेय. 'मी रोज वापरते' एवढंच म्हणायचं आहे. चालेल?

वापरतेस का? नसशील तर नाही.

वापरून आवडलं तर जरूर कर, पण ही जाहिरात आहे हे सुरुवातीलाच, सरळ शब्दांत सांग. हॅशटॅगांच्या गर्दीत लपवू नकोस. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये फसव्या जाहिरातीसाठी कंपनीइतकाच तिचा प्रचार करणाराही जबाबदार धरला आहे. दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि जाहिराती करायला वर्षभर बंदीही येऊ शकते. दावा खरा आहे याची आपण नीट खात्री करून घेतली होती, हे दाखवता आलं तर तू वाचतेस. म्हणून 'केस गळणं थांबतं' असं म्हणायला सांगितलं तर त्याचा पुरावा कंपनीकडून लेखी माग. पुरावा द्यायला टाळाटाळ झाली तर त्यातच तुला उत्तर मिळालं. आणि ते १८ हजार लोक तुझ्या मैत्रिणींसारखे आहेत गं, चार हजारांत त्यांचा विश्वास विकू नकोस.

लातूरच्या क्लासच्या फ्लेक्सवर शंभर फोटो आणि 'हमखास निवड'. मराठी पेपरातही त्यांची पानभर जाहिरात, पण अटी खाली इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. हे चालतं का?

चालत नाही. दोन्हीही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. निवडीची हमी देता येत नाही. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो लावायचा तर निकालानंतर घेतलेली त्याची लेखी संमती हवी आणि त्याने कोणता कोर्स केला हेही सांगायला हवं. यूपीएससीच्या काही क्लासेसना दंड झाला तो यावरूनच: झळकवलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी तिथे फक्त मुलाखतीचं मोफत मार्गदर्शन घेतलं होतं. तेव्हा प्रवेश घेण्याआधी फ्लेक्सवरच्या फोटोंकडे बोट दाखवून विचारा, 'यातले पूर्ण दोन वर्षं तुमच्याकडे किती होते?'

बारीक अक्षरांबद्दल याच प्राधिकरणाचे २०२२ चे नियम स्पष्ट आहेत. दावा ज्या भाषेत, अट त्याच भाषेत आणि त्याच टायपात, सहज दिसेल अशा जागी. फसव्या दाव्यावर खालच्या अटीने पांघरूण घालता येत नाही. पेपरचं ते अख्खं पान तारखेसकट जपून ठेवा, फ्लेक्सचा फोटो काढा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक मिळाला की मला कळवा.